कावळ्याला दिलेला शब्द

आप्पा, काल तुमचं बारावं झालं. घासलेली पातेली परड्यात पालथी आहेत, मंडपवाला अजून मंडप सोडायला फिरकलेला नाही. माणसं गेली एकदाची, बरं झालं. तुम्ही गेल्यापासून या घरात तुमच्या नावावर जे काही खपवलं गेलं ते ऐकून मला शिसारी आलीय. ती सांगायची कुणाला, तर तुम्हालाच. जिवंतपणी तुम्ही तरी कुठं ऐकून घेत होता म्हणा.

सगळे म्हणतात, तुमचा जीव माझ्या शिक्षणात अडकला होता. बायका येतात, माझ्या डोक्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "लई मनात हुतं गं त्याच्या, तू फिलॉसॉफी शिकावंस म्हणून." यांतल्या एकीनंही हा शब्द मागच्या पंधरवड्यापर्यंत ऐकला नव्हता. आता त्या तो पुरणपोळी म्हणावं तितक्या सहज म्हणतात. मी मान हलवते. तुम्ही खरं काय म्हणाला होता ते मला माहीत आहे, आईला माहीत आहे, आणि तिसऱ्या आपल्या म्हशीला.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. तुम्ही धार काढत होता, आई रेडकू धरून उभी होती. मी गोठ्याच्या दारात येऊन सांगितलं की विद्यापीठाची यादी लागली, एम.ए.ला माझं नाव आलंय, महिनाअखेरीला पुण्याला जाऊन ॲडमिशन घ्यायचीय. तुम्ही बादलीवरून मान वर केली नाही.

"न्हाय जायचं," म्हणालात.

"का?"

"का म्हंजे का. न्हाय म्हटलं न्हवं."

"हे काय उत्तर झालं, आप्पा?"

"सगळ्याला उत्तर असतंय व्हय?"

मी पाय आपटत आत गेले. रात्री जेवताना तुम्ही आमटी वाढून घेतलीत, भात मागितलात, विषय काढला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या शाळेतून फोन आला. त्यानंतरचं तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही.

नकार दिलात याचा राग नाही, आप्पा. या गावात पोरींना नकार मिळतो तो भाकरीसारखा, रोजचाच. नोकरी लागणार नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. परक्या गावात एकटी पोरगी कशी राहील म्हणाला असता तरी भांडले असते. लग्नाचं वय झालं म्हणाला असता तर तोंड सोडलं असतं, पण भांडले असते. 'का म्हंजे का' याच्याशी भांडायचं कसं? आयुष्यभर मला कोडी घालत आलात आणि शेवटचं घातलंत ते उत्तर खिशात घालून निघून गेलात. याला काय म्हणायचं?

आणि मला आठवतंय ते वेगळंच. बेळगावच्या कॅम्पातल्या त्या जुन्या शाळेत तुम्ही शिपाई, सकाळी शेतात जाऊन यायचं, मग मला गाडीवर मागे बसवून कॉलेजच्या फाटकात सोडायचं, मग शाळा. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही दोघीच होतो आणि दुसरी बहुतेक येत नसे. मॅडम माझ्या एकटीसाठी फळा भरायच्या. तुम्ही गावात सांगायचा, "पोरगी बी.ए. करत्या." कशात ते सांगायचं टाळायचा. कुणी खोदून विचारलंच तर "हाय असंच काय तरी" म्हणायचा, मला लाज आल्यासारखं व्हायचं. पण परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर पेपर सुटेपर्यंत गाडीवर बसून राहणारा बाप तुम्हीच होता. पेपर कसा गेला हेही विचारायचा नाही. नुसती गाडी चालू करायचा.

अर्ज भरला तेव्हाही तुमचं असंच. सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी तिकडे महाराष्ट्रात वेगळ्या जागा असतात म्हणून मॅडमनी सांगितलं. त्यासाठी रहिवासी दाखला लागतो. आपल्या नाडकचेरीत दाखला मिळतो तो कन्नडमधून. मी तिथल्या माणसाला मराठी नाही तर इंग्रजीत तरी द्या म्हटलं, तर तो माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी त्याच्या ताटात हात घातलाय. "मराठी बेकू? मग महाराष्ट्रात जावा की," म्हणाला. तिकडेच जायला दाखला हवाय, हे त्याला कळलं नाही. आणि तो कागद पाठवल्यावर तिकडून फोन आला, "मॅडम, हे तर कानडी आहे, आम्हाला कसं वाचता येणार? तुम्ही कर्नाटकच्या, म्हणजे तशा बाहेरच्याच ना." इकडे जा म्हणतात, तिकडे बाहेरच्या म्हणतात. दोन्हीकडच्या त्या खुर्च्यांचा मला असा वीट आला की अर्ज फाडून चुलीत घालणार होते. तुम्ही तो कागद घेतलात, शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडून त्याचं मराठी करून घेतलंत, त्यावर शिक्का कुठनं मिळवलात ते आजवर सांगितलं नाहीत. जायचं नव्हतं तर शिक्का कशाला आणलात? हेही विचारायचं राहिलं.

मग ती ऑनलाइन मुलाखत. आपल्या गावात फोनला एक काडी येते, तीही माळवदावर चढलं तर. तुम्ही हेडबाईंना विचारून शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत मला बसवलंत आणि स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसलात. पडद्यावर तिघंजण. एकानं विचारलं, "बेळगाव म्हणजे शिक्षण कन्नडमधून झालं असेल?" मी म्हटलं, मराठीतून. "अरे वा. मग बऱ्यापैकी बोलता की." बऱ्यापैकी. ज्या भाषेपायी आपल्या गावातली निम्मी माणसं काठ्या खाऊन बसलीत, ती मी बऱ्यापैकी बोलते. तेवढ्यात बोलण्याच्या भरात मी आपल्याकडच्या बायका बोलतात तसं "मी आलतो" म्हणून गेले, तर बाजूच्या बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. त्या आवरलेल्या हसण्याची मला आजही शिसारी येते. खदखदून हसल्या असत्या तर चाललं असतं.

मग त्या तिसऱ्यांनी, म्हाताऱ्या सरांनी, विचारलं, "समोर टेबल आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?" आणि आप्पा, मी सुटले. किती वेळ बोलत होते मला कळलं नाही. ते मध्ये तोडत होते, मी परत सांधत होते. कुणाशी तरी आपण खरोखर बोलतोय असं मला पहिल्यांदा वाटलं. बाहेर आले तर हेडबाई तुम्हाला पोरांदेखत झापत होत्या. मधल्या सुट्टीचा टोल तुम्ही दिलाच नव्हता. टोल दिला की पोरं आरडत बाहेर येणार, माझ्या मुलाखतीत गोंधळ होणार, म्हणून तुम्ही हातोडी मांडीवर घेऊन तसेच बसून राहिला होता. सगळी शाळा भुकेली ठेवलीत. तुम्ही खाली मान घालून "चुकलं बाई" म्हणालात.

परत येताना गाडीवर मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. बोललात. "टेबल हाय का न्हाय ह्यावर पगार मिळतोय व्हय गं तिकडं? माझी सगळी हयात टेबलं उचलण्यात गेली, मला कोण इचारलं न्हाय." आणि स्वतःच्याच विनोदावर खांदे हलवत हसलात. मी मागे बसून धुमसत होते. सगळी शाळा माझ्यासाठी अडवून धरणारा माणूस आणि हा माणूस एकच, हे मला त्या दिवशी पटेना, आजही पटत नाही.

आता रक्षाविसर्जनाचं ऐका. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मार्कंडेय नदीच्या काठी. निपाणीहून थोरले काका आदल्या दिवसापासून येऊन बसले होतेच. तंबाखूच्या वखारीत मुकादमकी करून त्यांना सगळ्याच माणसांना हाकायची सवय लागलीय. रक्षा सावडली, पाण्यात सोडली, आणि नैवेद्य मांडला. भात, दही, मिरचीची भजी, चहाचा कप, त्यात बुडवायला खारी, बेळगावातनं मुद्दाम आणलेला कुंदा. कुणीतरी बिडीसुद्धा ठेवली. तुम्ही ती कधीच सोडली असं आम्हाला सांगत होता. गावाला माहीत होतं तर.

कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही, ढीगभर होते. पलीकडच्या वाफ्यात भाताची चिखलणी चालली होती, टिलरच्या मागनं सगळे किडे वेचत होते. पण हे बोलायचं नसतं. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय, ते ओळखून शब्द द्यायचा. मग सगळे हात जोडून झाडाकडे बघत शब्द द्यायला लागले. "म्हस इकत न्हाय रं." "बांधाचं भांडान मिटवतो बघ." "वहिनीला अंतर देत न्हाय." जिवंतपणी तुमच्या बांधात हातभर घुसलेला माणूस हात जोडून, डोळे मिटून बांधाचा शब्द देत होता. मला भडभडून आलं, पण रडू नव्हतं ते.

ऊन चढलं. काकांचे गुडघे दुखायला लागले, त्यांना निपाणीची गाडीही गाठायची होती. तेव्हा गल्लीतल्या शांताक्का म्हणाल्या, "पोरीच्या शिक्षणाचं बोला की. त्याच्यातच असंल त्याचं." काकांनी घाम पुसला आणि मोठ्यानं म्हणाले, "पाठवतो रं बाबा पोरीला, पुण्याला. ते काय फिलॉसॉफी का काय ते शिकू दे. माझा शब्द हाय. ये आता."

पलीकडं टिलर बंद पडला. हाकणारा माणूस चहाला बांधावर आला. कावळे उडाले, त्यातला एक आला आणि तुमचं भजं घेऊन गेला.

"बघ, बघ," सगळे म्हणाले. "पोरीत जीव हुता." आई पदर तोंडाला लावून रडली. टिलर बंद पडलेला मी बघितला, आणि बाकीच्यांनीही बघितला असणार, सगळ्यांना कान होते. आणि आप्पा, खरं सांगू? टिलर बघून, तुमचा नकार ठाऊक असून, मला आनंद झाला. पोटातनं झाला. तुम्ही 'नको' म्हणालात आणि तुमच्या नावानं एक काळा पक्षी 'हो' म्हणून गेला, आणि मला तो हवा होता. तत्त्वज्ञान शिकायला निघालेली मी, कावळ्यावर विसंबून राहिले. त्याच्यानंतर घरी येईपर्यंत मला स्वतःची इतकी किळस आली की मी दोनदा आंघोळ केली.

पण ती किळस काहीच नव्हती, खरी पुढेच होती. काल बाराव्याची जेवणं झाली, भाऊबंद जाजमावर पान खात बसले, आणि काकांनी विषय काढला. तुमच्या शाळेतून निरोप होता की पोरगी ग्रॅज्युएट आहे, ऑफिसात घेतो. शाळेची माणसं चांगली आहेत, त्यांना दोष नाही. काका म्हणाले, "देवानंच वाट दावली. एक तारखेपासनं हजर हो. घर चालंल, आईजवळ ऱ्हाशील."

शांताक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि कावळ्याला बोलल्यालं?"

काका हसले. "ते टायमाला बोलाय लागतंय गं आक्का. सगळीच बोलत्यात. आमच्या बाच्या टायमाला आम्ही हीर मारतो म्हणून बोललाव, मारली व्हय?"

आणि सगळे हसले, आप्पा. पान तोंडात धरून, थुंकी सांभाळत हसले. तुमच्या फोटोला घातलेला हार ताजा होता. बांधाचा शब्द देणारा सगळ्यात जोरात हसला. म्हणजे सगळ्यांनाच माहीत असतं. नदीवर हात जोडलेले असतात तेव्हाही माहीत असतं. मेलेल्या माणसाला शेवटचं काय द्यायचं, तर थाप. आजोबा तुमचेही वडील, म्हणजे त्या विहिरीच्या वेळी तुम्हीही हात जोडून उभे असणार. हे मनात आलं आणि तुमचाही वीट आला.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "काका, मला एवढंच सांगा. कावळा तुमच्या शब्दावर शिवला का न्हाय? शिवला असंल, तर तुम्ही माझ्या बापाला फसवलंय. शिवला नसंल, तर त्यांचं जे काय राहिलंय ते अजून राहिलंयच, आणि तुम्ही हितं पान खाऊन कसं बसलाय?"

मला वाटलं, जिंकले. काकांनी पान गालात सरकवलं. "हेच शिकाय जायचं हाय व्हय तुला? थोरामोठ्यांस्नी उलटं बोलायला? हितंच येतंय की सगळं. हद्दीवरचा कोगनोळीचा नाका वलांडला की तिकडं आपलं कोण न्हाय. गप शाळंत जा." आणि माझ्यावरनं नजर काढून त्यांनी चुना मागितला. युक्तिवाद कितीही बिनतोड असू दे, समोरच्यानं चुना मागितला की संपला. हे कुठल्याही पुस्तकात नाही.

मला बोलायचं होतं, पण काय बोलणार? मोठ्यानं 'आप्पांची इच्छा होती' म्हणायचं तर ते खोटं. खरं सांगायचं तर माझ्या पायावर माझ्याच हातानं धोंडा.

तेव्हा आई चुलीपासनं उठली. बारा दिवसांत ती पुरुषांच्या बैठकीसमोर आली नव्हती. उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "त्येनी मला बोलल्यात."

"काय बोललाय?" काका म्हणाले.

"पोरीला पाठवायची म्हणून. आदल्या सांजचं. धार काढत हुते, मी रेडकू धरून हुतो. म्हणाले, पोरीची हौस हाय, जाऊ दे पुण्याला. माझ्यादेखत बोलल्यात."

"मग इतकं दिवस का बोलली न्हाईस?"

"मला इचारलंय कुणी?"

काका काही म्हणायच्या आत तिनं पुढचं सांगून टाकलं. "शाळेत कुणाला घ्यायचंच असंल तर मला घ्या म्हणावं. लोटायला, पाणी भराय मी येतो. आणि भावजी, मेल्याल्या माणसाचं तोंडचं बोलणं मोडायचं असंल तर तुम्ही मोडा. मी न्हाय मोडत." आणि परत चुलीपाशी गेली. कावळ्याला हसणारे ते सगळे यावर मात्र गप्प बसले. कावळ्याला दिलेला शब्द मोडता येतो, विधवेच्या तोंडून आलेला नवऱ्याचा शब्द चारचौघांत मोडायला छाती लागते. काकांनी धोतर झटकलं आणि म्हणाले, "जाऊ दे मग. आमचं काय."

माणसं पांगल्यावर आम्ही दोघी परड्यात पातेली घासायला बसलो. आईनं कासोटा घट्ट केला होता आणि राखेनं तळ खरवडत होती. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "आई, असं कुठं म्हणाले होते आप्पा? मी होते की तिथं. नको म्हणाले होते."

"हुतीस म्हणून काय झालं."

"अगं, पण खोटं झालं हे. त्यांच्या नावावर."

तिनं पातेलं उलटं करून पाणी ओतलं. "जित्तेपणी एकदा बी माझ्या मनासारखं बोलले न्हाईत," ती म्हणाली. "आता तरी बोलू देत."

आणि पातेलं माझ्यापुढं ढकललं, पुसून ठेव म्हणून. तिथं तुमची बाजू घ्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आप्पा. मी पातेलं पुसून पालथं घातलं. सोमवारच्या गाडीनं जातेय.